बोलणाऱ्याचे तोंड कोण धरणार?

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. गावच्या पारावर ही म्हण खरी असेलही. पण एक जागा अशी आहे की जिथे बोलणाऱ्याचे तोंड धरण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. आणि ते वेळीच धरले नाही, तर कुणाचा तरी गळा आवळला जाण्याची भीती असते. ती जागा म्हणजे न्यायालय, आणि ती वेळ म्हणजे खटल्यातील वकिलांचा अखेरचा युक्तिवाद.

हिंदी चित्रपटांनी आपल्या मनात कोर्टाचे एक चित्र पक्के करून ठेवले आहे. काळा डगला घातलेला वकील हातवारे करतो, आरोपीकडे बोट दाखवून ‘हा माणूस नाही, हैवान आहे’ असे ओरडतो, प्रेक्षकांत हुंदके फुटतात आणि न्यायमूर्ती हातोडा आपटतात. प्रत्यक्षातले कोर्ट बरेच रुक्ष असते. तारखा पडत राहतात, साक्षीदार येतात, सरतपासणी होते, उलटतपासणी होते, लघुलेखक टंकत राहतो. या सगळ्या धबडग्यानंतर दोन्ही बाजूंचे वकील उठून उभे राहतात आणि पुराव्याचा अर्थ आपापल्या परीने उलगडून सांगतात. हाच अखेरचा युक्तिवाद.

इथे एक बारीक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. साक्षीदार बोलतो तो शपथेवर बोलतो. खोटे बोलला तर त्याला शिक्षा होऊ शकते, आणि समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेऊन त्याला उघडा पाडू शकतो. अखेरचा युक्तिवाद करणारा वकील मात्र शपथ घेत नाही, आणि त्याची उलटतपासणी कुणालाच घेता येत नाही. म्हणूनच त्याने पुराव्यात जे आले आहे त्याच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये, अशी जगभरच्या न्यायालयांची शिस्त आहे. कुंपण ओलांडले की तो वकील राहत नाही. बिनशपथेचा साक्षीदार होतो.

ज्यूरीसमोरचे लोकमान्य

ही शिस्त सर्वांत जास्त कसाला लागते ती ज्यूरीसमोर. ज्यूरी म्हणजे समाजातून निवडलेले सामान्य नागरिक. त्यांनी पुरावा ऐकायचा, दोन्ही वकिलांची भाषणे ऐकायची, न्यायाधीशांचे मार्गदर्शन घ्यायचे आणि ‘दोषी’ की ‘निर्दोष’ एवढेच सांगायचे. कारणे द्यायची नाहीत. ज्याला कारण द्यावे लागत नाही, त्याच्या मनात कुठला शब्द रुतून बसला हे कुणाला कसे कळणार?

महाराष्ट्राला ज्यूरीची खरी ओळख झाली ती लोकमान्य टिळकांच्या खटल्यांमुळे. १८९७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत नऊजण होते. सहा युरोपियन आणि तीन भारतीय. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. न्यायमूर्तींनी ज्यूरीला ‘अप्रीती’चा अर्थ सांगताना सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजे अप्रीती, असा सांगितला. प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, तर कोणता पत्रकार सुटणार होता?

१९०८ चा खटला याहून गाजला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तील अग्रलेखांवरून तो भरण्यात आला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, हा योगायोग इतिहासाने नोंदवून ठेवला आहे. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, आणि दिवसामागून दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्यातला बराच वेळ त्यांनी एकाच गोष्टीसाठी खर्च केला: माझ्या मराठी शब्दांना भाषांतरात जो रंग चढवला आहे तो मूळचा नाही, हे मराठी न जाणणाऱ्या माणसांना समजावून सांगणे.

त्या खटल्यात आणखी एक वस्तू होती. टिळकांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडले होते, आणि त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेली होती. सरकारने नवा स्फोटक पदार्थांचा कायदा आणला होता, त्यावर लिहिण्यासाठी ही पुस्तके पाहायची होती, असा टिळकांचा खुलासा. खटला लेखांचा होता, बाँब बनवल्याचा नव्हता. पण जो काळ बाँबच्या आवाजाने धास्तावलेला होता, त्या काळात ज्यूरीच्या डोळ्यांसमोर तेवढे कार्ड धरले की पुढचे काम धास्तीच करते. वकिलाला फार काही बोलावेही लागत नाही.

आणि शेवटचा शब्द कुणाचा? तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेनुसार आरोपीने आपल्या बाजूने काही पुरावा दाखल केला, तर शेवटी उत्तर देण्याचा हक्क सरकार पक्षाला मिळत असे. टिळकांनी बचावासाठी वृत्तपत्रांचे अंक दाखल केले होते. त्यामुळे त्यांच्या त्या प्रदीर्घ भाषणानंतर सरकारचे ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांचे भाषण ज्यूरीने ऐकले, मग न्यायमूर्तींचे. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा सुनावताना न्यायमूर्तींनी टिळकांच्या बुद्धीला विकृत म्हणण्यापर्यंत मजल मारली. ज्यूरीने दोषी ठरवले तरी मी निर्दोष आहे, न्यायासनाहून थोर अशा शक्ती जगात आहेत, अशा आशयाचे टिळकांचे उत्तर त्याच दालनाबाहेर आज शिळेवर कोरलेले आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. ज्यांनी शिक्षा दिली त्यांच्याच न्यायालयाने घेतलेले हे प्रायश्चित्त म्हणावे लागेल.

आज आपल्या सत्र न्यायालयात क्रम उलटा आहे. आधी सरकारी वकिलाने समारोप करायचा आणि मग आरोपीच्या वकिलाने उत्तर द्यायचे. कायद्याचा काही नवा मुद्दा निघाला तरच न्यायाधीशांच्या परवानगीने सरकारी वकील पुन्हा बोलू शकतो. ज्याची मान अडकली आहे त्याचा शब्द शेवटचा असावा, एवढे शहाणपण आपण कमावले.

पांढरा गणवेश आणि एक टॉवेल

ज्यूरीचा दुसरा गाजलेला खटला नौदलाचे कमांडर नानावटी यांचा. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी त्यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. आहुजांचे आपल्या पत्नीशी संबंध आहेत, हे त्यांना त्याच दिवशी पत्नीकडून कळले होते. बायको-मुलांना सिनेमाला सोडून ते जहाजावर गेले, रिव्हॉल्व्हर घेतले आणि आहुजांच्या घरी पोहोचले. झटापटीत गोळ्या सुटल्या, हा बचाव. नुकतेच न्हाऊन आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल झटापट होऊनही जागचा हलला कसा नाही, हा सरकार पक्षाचा सवाल. अवघ्या मुंबईत त्या टॉवेलची चर्चा होती.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत जवळपास तीन तास गेले होते; डोके थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावताना चुका केल्याचेही वरिष्ठ न्यायालयांना आढळले. म्हणजे दोष एकट्या वकिलांच्या वक्तृत्वावर ढकलता येणार नाही. पण पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी, विस्कटलेला संसार, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उभे केलेले रान, हे सारे त्या नऊ खुर्च्यांभोवती घोंघावत होते. त्यातले काहीच पुरावा नव्हते. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला, असे नेहमी छापले जाते. ते बरोबर नाही. त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्यूरी बसत होती. विधी आयोगाने १९५८ सालीच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला निरोप दिला. तिची एक आठवण तेवढी उरली आहे. पारशी विवाहविषयक न्यायालयात समाजातून निवडलेले ‘डेलिगेट’ न्यायाधीशांसोबत बसावेत, अशी तरतूद १९३६ च्या कायद्यात आहे.

अनुचित म्हणजे नेमके काय?

वकिलाने जोरात बोलू नये, असे कुणीच म्हणत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली बर्जर खटल्यात सांगितले त्याचा मथितार्थ असा, की सरकारी वकिलाने घाव घालावेत, जोरकस घालावेत, पण कमरेखाली घालू नयेत. मग कमरेखालचा वार कशाला म्हणायचे?

पहिला प्रकार, स्वतःची खात्री पुढे करणे. ‘माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत असा स्पष्ट खटला मी पाहिला नाही, याने खून केला याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.’ वकिलाच्या मनात काय आहे, याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नाही. १८५६ साली लंडनमध्ये पामर नावाच्या डॉक्टरवरील विषप्रयोगाच्या खटल्यात बचावाचे वकील सार्जंट शी यांनी अशील निर्दोष असल्याची आपली स्वतःची खात्री ज्यूरीला सांगितली. वकिलाच्या मताकडे लक्ष देऊ नका, असे मुख्य न्यायमूर्ती कॅम्पबेल यांनी ज्यूरीला बजावले. नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे.

दुसरा, पुराव्यात नसलेली गोष्ट सांगणे. ‘गावात सगळ्यांना ठाऊक आहे’ हे वाक्य पारावर चालते; कोर्टात ते ‘सगळे’ पिंजऱ्यात आले पाहिजेत.

तिसरा, आरोपीच्या मौनावर बोट ठेवणे. ‘निर्दोष होता तर शपथेवर साक्ष द्यायला का आला नाही?’ हा सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. पण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, हे आपल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमात लिहिले आहे. आणि आरोपी साक्षीला उभा राहिला नाही म्हणून ना वकिलाने, ना न्यायालयाने त्यावर टिप्पणी करावी, असे फौजदारी प्रक्रियेत स्पष्ट म्हटले आहे.

चौथा, भीती आणि कळवळा. ‘याला सोडलेत तर उद्या तुमच्या दारात येईल’ किंवा ‘तुमची लेक असती तर?’ ज्याला स्वतःची लेक आठवली त्याला पुरावा आठवत नाही. न्यायाधीशाने बाप होऊन निकाल द्यायचा नसतो.

आणि पाचवा, सर्वांत जुना प्रकार म्हणजे शिवी. अमेरिकेत डार्डन नावाच्या आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलाने त्याला जनावर ठरवले; गळ्यात साखळी बांधल्याशिवाय याला कोठडीबाहेर सोडू नये, असे तो ज्यूरीला म्हणाला. १९८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या बोलण्याची निंदा केली, पण पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा मात्र कायम ठेवली. १९८८ मध्ये डार्डनला मृत्युदंड देण्यात आला. निंदा न्यायमूर्तींच्या कागदावर राहिली.

ज्यूरी गेली, आता कशाची चिंता?

आपल्याकडे ज्यूरी नाही. कायद्यात मुरलेला न्यायाधीश निकाल देतो, आणि त्याला प्रत्येक निष्कर्षाचे कारण लिहावे लागते. धाराशिवच्या लोकांना तर ज्यूरी सांगूनच समजावी लागेल. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले कोर्टाचे कामकाज उर्दूत चाले. पेशी, मुद्दई, वकालतनामा हे शब्द अजून आपल्या जिभेवर आहेत ते उगाच नाही. मग पुराव्याबाहेरचे चार शब्द बोलले गेले तर बिघडले कुठे? न्यायाधीश ते बाजूला सारतील, असे कुणी म्हणेल.

यातली पहिली अडचण अशी, की न्यायाधीशही माणूसच असतो. दुसरी अडचण अधिक व्यवहारातली आहे. आपल्या कनिष्ठ न्यायालयांत साक्षीपुरावा लिहून घेतला जातो. तोंडी युक्तिवाद तसा टिपला जात नाही. पुढे अपील औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गेले, तर तिथे कागद पोहोचतात. तो सूर, ते कुत्सित हसणे, तो घातलेला घाव पोहोचत नाही. १९८१ मध्ये हे खंडपीठ आले म्हणून मराठवाड्याची मुंबईची फेरी वाचली, पण जे कागदावर नाही ते जवळच्या न्यायालयालाही दिसत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. भूम, परंडा, कळंब, उमरगा, तुळजापूर अशा तालुक्याच्या गावी कोर्टात खटला असला की दोन्हीकडची भावकी येते. पाठीमागच्या बाकावर माणसे दाटीवाटीने बसतात. तिथे वकिलाच्या तोंडून निघालेला शब्द संध्याकाळच्या एस.टी.ने गावात पोहोचतो. निकाल यायला महिने लागतात. बदनामी मुक्कामी पोहोचायला दोन तास पुरतात. जमिनीच्या वाटणीत हक्क मागणाऱ्या विधवेच्या चालचलनावर सहज एक वाक्य टाकले जाते, आणि दावा जिंकूनही ती बाई गावात हरते. ज्यूरी गेली खरी. पण गाव नावाची ज्यूरी मागच्या बाकावर बसलेलीच आहे, आणि तिला कारणे लिहावी लागत नाहीत.

देसाईगंजचा धडा

शब्द कसे फिरतात याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले, आणि सोडताना त्या मुलीला खोटारडी ठरवून तिच्या पूर्वायुष्यावर शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही अशा कारणांवरून त्यांना पुन्हा सोडले. बचावाच्या वकिलांचे नेहमीचे मुद्दे निकालपत्राची भाषा होऊन बसले.

त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराचे खटले बंद दालनात चालवावेत, ही तरतूद तेव्हाची. पीडितेचे चारित्र्य वाईट होते असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा पुरावा कायद्यात होती. ती काढायला मात्र २००३ साल उजाडले. तोवर किती जणींनी पिंजऱ्यात उभे राहून काय काय ऐकले असेल, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही. १९९६ साली गुरमितसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांनाच खडसावले, की अशी उलटतपासणी चालू असताना तुम्ही मूक प्रेक्षक होऊन बसू नका.

‘यांचा धंदाच तो’

दुसरे उदाहरण मराठवाड्याच्या अधिक जवळचे आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या शेजारी सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, ती याच लोकांसाठी. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण पारधी, कैकाडी यांचे नाव आरोपी म्हणून आले की ‘यांचा धंदाच तो’ हे वाक्य अजून सहज निघते. आरोपीचे पूर्वचारित्र्य वाईट आहे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही, हे आपल्या पुरावा कायद्यात दीडशे वर्षे लिहिलेले आहे. मग जातीचे नाव पुरावा कसे होईल?

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाचजण मारले गेले, बायकामुलींवर अत्याचार झाले. ऐकून अंगावर काटा यावा असे ते कृत्य होते. मराठवाड्यातल्या भोकरदनकडील भटक्या जमातीचे सहाजण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. पुढे त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडची छायाचित्रे पाहून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. तपास आणि खटला न्याय्य पद्धतीने चालला नाही, असे सांगून न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

सोळा वर्षे! गुन्हा भीषण होता यात वाद नव्हता. वाद एवढाच होता, की तो केला कुणी? गुन्ह्याचे वर्णन जितके थरारक, तितका हा साधा प्रश्न मागे पडत जातो. म्हणूनच वर्णनाच्या आवेशावर लगाम हवा. ‘समाजाचा आक्रोश’ हा शब्द शिक्षेच्या युक्तिवादात वारंवार येतो. आक्रोशाला आरोपीचा चेहरा ओळखता येत नाही.

न्यायालयाबाहेरचा युक्तिवाद

आता तर युक्तिवाद कोर्टाच्या पायरीवर, कॅमेऱ्यांसमोर होतो. २६/११ च्या खटल्याच्या काळात कसाबला तुरुंगात बिर्याणी हवी आहे, ही बातमी घराघरांत पोहोचली. २०१५ साली जयपूरमध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितले, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होऊ लागली होती, ती मोडण्यासाठी आपण ते रचून सांगितले. कसाबचा गुन्हा भक्कम पुराव्याने शाबीत झाला होता. फाशीची शिक्षाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. म्हणूनच प्रश्न पडतो, की ज्या खटल्यात पुरावा एवढा बळकट, तिथे बिर्याणीची गरज कशाला? आणि ज्या खटल्यात पुरावा लेचापेचा असेल, तिथे अशी एखादी बिर्याणी काय अनर्थ करील?

सरकारी वकील हा फिर्यादीचा भाडोत्री मल्ल नव्हे. शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की येनकेनप्रकारेण शिक्षा मिळवणे हे त्याचे काम नाही. आरोपीच्या बाजूची गोष्टही त्याने न्यायालयापुढे ठेवली पाहिजे. बार कौन्सिलचे नियमही तेच सांगतात. वकिलाने अशिलाचे नुसते तोंड होऊ नये, युक्तिवादात असभ्य भाषा टाळावी, आणि निरपराधाला शिक्षा होईल अशा रीतीने सरकार पक्ष चालवू नये, असे त्यांत नमूद आहे.

तोंड धरायचे कुणी?

पहिला अधिकार न्यायाधीशांचा. तोंडी युक्तिवाद मुद्द्याला सोडून भरकटला तर त्याला आवर घालण्याचा अधिकार त्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१४ व्या कलमाने होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो ३५२ व्या कलमात आहे. साक्षीदाराला असभ्य किंवा निव्वळ अपमान करणारे प्रश्न विचारण्यास मनाई करण्याची तरतूदही जुन्या कायद्यातून नव्यात आली आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीचे पूर्वग्रह न्यायालयीन भाषेतून कसे काढावेत याची एक पुस्तिकाच काढली.

दुसरा अधिकार समोरच्या वकिलाचा. आक्षेप घ्यायचा तो तिथल्या तिथे, आणि त्याची नोंद करून घ्यायची. गाडी गेल्यावर हात दाखवून उपयोग नाही. युक्तिवाद लेखी स्वरूपातही दाखल करता येतो. लेखी शब्द जरा शुद्धीवर असतो.

आणि तिसरा अधिकार तुमचा-आमचा. खटल्यात आपण फिर्यादी असू, तर सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो आणि न्यायालयाच्या परवानगीने लेखी म्हणणे मांडता येते. ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. याहून एक सोपी गोष्ट आहे, आणि तिला अर्ज-विनंती लागत नाही. आपला वकील समोरच्या बाईच्या अब्रूवर किंवा समोरच्याच्या जातीवर घसरू लागला, तर ‘वकीलसाहेब, आमच्या कामाला याची गरज नाही,’ असे त्याला म्हणणे. अशिलाला टाळ्या हव्या असतात म्हणून पुष्कळदा वकील तसे बोलतो. गिऱ्हाईकच नको म्हणाले, तर तो माल दुकानात कोण ठेवील?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. खर्चाची, खेपांची भीती त्यामागे होतीच. पण ‘तिथे चारचौघांत आपली धिंड निघेल’ ही भीतीही होती. ज्या दिवशी अन्याय झालेली बाई आणि खोटा आळ आलेला गरीब, दोघांनाही ही दुसरी भीती वाटेनाशी होईल, त्या दिवशी ती म्हण अर्धी तरी खोटी पडेल. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे त्या कायद्याप्रमाणे, नको तो शब्द निघाला की लगेच ‘थांबा’ म्हणणारा एक माणूस दालनात असला, तरी पुरे.